आभाराची पाटी

पाठ धरली की माणसाचं काय होतं हे ज्याला बघायचं असेल त्याने दादाकडे जाऊन बघावं. बावीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत काढली, चौदा-चौदा मजल्यांच्या पोकळीत उभं राहून तारा बदलल्या, तेव्हा काही झालं नाही. आणि पाठ धरली कशात, तर बाथरूममध्ये पडलेला साबण उचलताना. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे आडवे पडा. पहिला आठवडा त्याने छताकडे बघून काढला, दुसरा बायकोच्या चुका काढून. तिसऱ्या आठवड्यात वहिनीने नणंदेला फोन केला.

"ठकू, तुझ्या भावाला काहीतरी उद्योग लाव बाई. आज मला म्हणतो, टाचणी पडल्याचा आवाज झाला, झोपमोड झाली. टाचणी, अगं! उद्या म्हणेल तू श्वास घेतेस त्याचा त्रास होतो."

ठकू म्हणजे दादाची धाकटी बहीण. लहानपणी लाकडी ठकीसारखी गोल गुबगुबीत होती म्हणून ठकू म्हणायला लागले, आणि नाव जे चिकटलं ते चाळिशी आली तरी सुटलं नाही. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. दिवसातून शंभर वेळा लोकांना विचारायची, "हे बरं दिसतं की आधीचं?"

उपाय तिला तिथल्या तिथे सुचला. दादाला जन्मात एकाच गोष्टीचं वेड लागलं होतं, टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, आणि त्या डब्यात घालायची एकच कॅसेट. डबा केव्हाच भंगारात गेला. पण हल्ली कॉम्प्युटरवर एम्युलेटर म्हणून प्रोग्राम मिळतो. तो जुन्या डब्याची अशी हुबेहूब नक्कल करतो की गेमला पत्ताच लागत नाही, आपण परक्या घरात आलोय. कॅसेटमधला गेम फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, फाइल एम्युलेटरला द्यायची, की झालं. आणि कॅसेट होती ठकूकडेच. एकतीस वर्षं कपाटात, स्वेटरांच्या खाली. ती तिने का जपली हे मात्र तिने कोणाला, अगदी नवऱ्यालासुद्धा, सांगितलं नव्हतं.

"बघते हं वहिनी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्याचं असं झालं होतं.

बोटीवर नोकरी करणाऱ्या काकाने कुठल्याशा लांबच्या बंदरातून ती कॅसेट आणली. खेळ नावाड्याचा. नावाडी बेटाबेटांवर जातो, वादळं चुकवतो, विझलेले दिवे लावतो. एकूण बारा बेटं. सगळं झकास, अडचण एवढीच की त्यातली भाषा घरात कोणालाच येत नव्हती. येणं दूरच, अक्षरं सरळ आहेत की उलटी हेही कळत नव्हतं. पण पोरांचं कधी काही अडतं का? दादा तेव्हा पंधरा वर्षांचा, मावसभाऊ तेरा, ठकू नऊ. मावसभावाला सगळे खारू म्हणायचे, कारण त्याच्या खिशात कायम पेन्सिलींचे तुकडे, नटबोल्ट, अर्धवट चघळलेली गोळी असा साठा असायचा. मावशीच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून तो यांच्याकडे राहायला आला होता. त्याचं आणि दादाचं असं गूळपीठ की दादा म्हणेल ती पूर्व दिशा.

तिघांनी मिळून त्या खेळाला आपली भाषा दिली. सुरुवातीला पडद्यावर तीन ओळी यायच्या. वरची दाबली की मागच्या वेळी सोडला होता तिथून खेळ पुढे सुरू व्हायचा, म्हणून तिचं नाव 'चल'. खालच्या दोन ओळींना नाव नव्हतं. दादाचा हुकूमच होता, "त्यांना जो हात लावेल त्याचा हात मी मोडीन." बेटावरचा दिवा लावून नाव धक्क्याला लावली की गेम आपोआप सेव्ह व्हायचा आणि पडदाभर मजकूर यायचा. मजकुराखाली आपला नावाडी कमरेत वाकून उभा. दादाने निकाल देऊन टाकला, "हे आभार मानतायत. खेळल्याबद्दल आभारी आहोत, पुन्हा या." दुकानाच्या पिशवीवर नसतं का छापलेलं, तसं. झालं, तेव्हापासून ती 'आभाराची पाटी'. पाटी आली की दादा जमिनीवर लोळत म्हणायचा, "आभारी आहोत, आभारी आहोत," आणि पायाच्या अंगठ्याने डब्याचा खटका बंद करायचा. ही पद्धत त्याने खारूला शिकवली, खारूने ठकूला. अंगठ्यासकट.

चार महिन्यांनी दादा बाराव्या बेटाशी पोचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा दिवा लावायचा, असा बेत. अर्ध्या शाळेत दवंडी पिटून झाली होती.

त्या दुपारी दादा क्लासला गेलेला, आई झोपलेली, खारू खिडकीबाहेर सायकलची चेन बसवत होता. ठकूने हळूच डबा लावला. तिला बारावं बेट बघायचं होतं, बाकी काही नाही. पण घाईत बोट घसरलं आणि 'चल'च्या खालची, मधली ओळ दाबली गेली. टिंग असा आवाज झाला आणि ओळीतली अक्षरं बदलली. ठकूच्या तोंडचं पाणी पळालं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा टिंग. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. डबा तसाच चालू टाकून ती पळाली, आणि आईच्या कुशीत जाऊन डोळे घट्ट मिटून पडली.

दादा आत आला. "कोणी लावलाय हा डबा?" त्याने रागारागाने अंगठ्याने खटका बंद केला, पुन्हा चालू केला, 'चल' दाबलं. नावाडी पहिल्या बेटावर उभा होता आणि एकही दिवा लागलेला नव्हता.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. ठकू तर आईजवळ झोपलेली. उरला कोण? त्याने खारूला आत बोलावलं आणि विचारलं, "तू?" खारूने मान खाली घातली. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. दादाने त्याच्या कानाखाली वाजवली आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. एका खोलीत झोपायचे दोघं, पण भिंतीकडे तोंड करून. महिनाभराने खारू स्वतःच म्हणाला, मला वसतिगृहात ठेवा. गेला तो गेलाच. पुढे लग्नाकार्यात भेटायचे. "काय, बरंय ना?" "बरंय." एवढंच. खारूने तीन तासांच्या अंतरावर बेकरी काढली, तिथला पाव दादाने कधी चाखला नाही.

आणि ठकू? ठकू गप्प. पहिल्या दिवशी भीतीने, पुढच्या महिन्यात शरमेने, आणि नंतर सवयीने. वयाबरोबर अशा गोष्टी लहान होतात म्हणे. हिची वाढत गेली. खेळ गेला त्याचं काय एवढं, भाऊ गेला होता. दोघांच्या मधली ओळ दाबणारी मी, असं ती मनात म्हणायची. नावात ठक होतंच, ते खरं करून दाखवलं.

तर आता वहिनीचा फोन. ठकूने शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून कॅसेटमधला गेम फाइलमध्ये उतरवून घेतला आणि मनाशी ठरवलं, रविवारी दादाकडे जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. पण त्याआधी एकदा स्वतः बघायचं, आपण नेमकं काय दाबलं होतं. गुन्हा कबूल करायचा तर निदान कोणता, ते तरी कळू दे.

शनिवारी दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्यासमोर, तिने स्टुलावर लॅपटॉप ठेवला. एम्युलेटर सुरू केला. आणि ते संगीत लागलं. अहो, त्या चार सुरांनी तिला नऊ वर्षांची करून टाकलं. नावाडी दोनदा बुडाला, तिसऱ्यांदा कसाबसा पहिल्या बेटावर पोचला, दिवा लागला. नाव धक्क्याला लागली आणि ती अगम्य पाटी आली, नावाडी वाकला. स्टुलाखाली ठकूच्या पायाचा अंगठा आपोआप खटका शोधायला लागला.

मग ती पुन्हा त्या तीन ओळींवर आली. मधल्या ओळीवर बोट नेलं, पण बोट काही दाबेना. चाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, आणि घाम फुटलेला. शेवटी डोळे मिटून दाबलं. टिंग. पुन्हा दाबलं. टिंग. आता 'चल'. नावाडी बेटावर उभा, आणि शेजारी दिवा ढणढण जळतोय!

काहीच पुसलं गेलं नव्हतं. पण एवढ्यावर तिचं मन मानेना. ही तर नक्कल, त्या खऱ्या डब्यात काय होत असेल कोण जाणे. कोणा हौशी मंडळींनी त्या खेळाचं इंग्रजी भाषांतर करून ठेवलं होतं, ते तिने आधीच मिळवलं होतं. ते फाइलला लावलं आणि खेळ नव्याने सुरू केला. आता ओळी वाचता येत होत्या. वरची, पुढे खेळा. खालची, पुसा, ती दाबली तर दोनदा विचारत होती, नक्की का, नक्की का. आणि मधली?

मधली होती, आवाज. एका स्पीकरचा की दोन स्पीकरचा.

ठकूने ते तीनदा वाचलं. दुसऱ्यांना अक्षरं वाचायला लावणारी बाई, स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना. आवाज! अगं बाई, मी आवाज बदलला होता! एकतीस वर्षं मी आवाजापायी मरतेय! ती हसायला लागली, हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग एकदम थांबली. कारण मी नाही, तर मग कोण? खारू? त्याने मान खाली घातली होती ती खरोखरच केलं होतं म्हणून? सुटका झाली म्हणावी तर फास दुसऱ्याच्या गळ्यात, आणि तोही त्या गरीब जिवाच्या. हे तिला नको होतं. यापेक्षा मीच केलेलं बरं होतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

लॅपटॉप मिटण्याआधी तिने सवयीने पहिला दिवा लावून नाव धक्क्याला लावली. पाटी आली, आता इंग्रजीत. तिच्यात आभाराचा एक शब्द नव्हता.

'सूचना. आधी रीसेटचं बटण दाबून धरा आणि मगच डबा बंद करा. तसं न केल्यास तुमचा सेव्ह केलेला खेळ पुसला जाऊ शकतो.'

खाली नावाडी वाकला होता. त्याच्या बोटाखाली एक छोटा चौकोन होता, ज्याला ही पोरं दगड समजत आली होती. तो नावाडी त्यांना वाकून सलाम करत नव्हता. वाकून बटण दाबून दाखवत होता बिचारा, रोजच्या रोज, चार महिने! भाषांतर करणाऱ्यांनी खाली टीपही जोडली होती: जुन्या डब्यांत थेट खटका बंद केल्याने हे सर्रास व्हायचं, दहा वेळा काही होत नाही, अकराव्यांदा सगळं जातं.

आणि त्या दिवशी खटका कोणी बंद केला होता? ठकूने नाही, ती डबा चालू टाकून पळाली होती. खारूने डब्याला हातच लावला नव्हता.

दारावर टकटक झाली. बाहेर एक निवृत्त मास्तर चष्मा न्यायला आले होते. "बाई, आत कोणी रडतंय का?"

"हसतंय मास्तर, हसतंय!" ठकू नाक पुसत ओरडली.

रविवारी ती दादाकडे गेली तेव्हा तो पाठीखाली दोन उशा घेऊन जगावर चिडून पडला होता. तिने त्याच्या पोटावर लॅपटॉप ठेवून दिला, पण सुरू केला नाही.

"आधी बोलते, मग खेळ," ती म्हणाली. "दादा, त्या दिवशी डबा मी लावला होता. खारूने नाही."

कुठला दिवस, हे दादाने विचारलं नाही. एकतीस वर्षांनी विचारलं नाही, यावरून काय ते समजा.

"तू तर आईजवळ झोपली होतीस."

"सोंग होतं ते."

दादाचा चेहरा लाल झाला, मग उतरला. वहिनी चहाचा कप घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. "म्हणजे तू पुसलंस," दादा म्हणाला, "आणि मी त्याला मारलं. आणि तू बघत राहिलीस."

"बघत राहिले, हे खरं. त्यासाठी काय शिक्षा द्यायची ती दे. पण पुसलं मी नाही. खारूनेही नाही. तू खेळ, आणि धक्क्याला लागलास की वाच."

कुरकुरत का होईना, दादा खेळला. हात विसरले नव्हते. पाच मिनिटांत पहिला दिवा लागला. पाटी आली. "आभारी आहोत, आभारी..." त्याच्या तोंडून सवयीने निघालं आणि मध्येच थांबलं. ओठ हलवत त्याने पाटी वाचली. पुन्हा वाचली. चादरीखाली त्याच्या पायाचा अंगठा हलला, ठकूने ते पाहिलं.

"मी आल्या आल्या बंद केला होता," तो हळूच म्हणाला. "अंगठ्याने."

"हो."

"मग मीच की गं." त्याने उठायचा प्रयत्न केला, पाठीत कळ आली, पुन्हा पडला. "आणि त्या पोराच्या कानाखाली... फोन लाव. आत्ताच्या आत्ता लाव."

ठकूने स्पीकरवर फोन लावला. खारू बेकरीतच होता. सकाळची भट्टी उरकून भांडी घासत होता. ठकूने एका दमात सगळं सांगितलं: डबा मी लावला, मधली ओळ आवाजाची, पाटी आभाराची नव्हती, खटका दादाचा. पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"खारू? ऐकतोयस ना?"

"म्हणजे तू नव्हतीस?" खारू म्हणाला.

"नाही रे."

"नक्की? तू पुसलं नव्हतंस?"

"अरे, मी फक्त आवाज बदलला होता!"

"हुश्श!" इतका मोठा श्वास सोडला त्याने की फोन फुरफुरला. "सुटलो बाबा! ठकू, मला वाटत होतं तूच. खिडकीतून पाहिलं होतं मी तुला. पळालीस तेही पाहिलं."

ठकूने फोन तोंडाजवळ ओढला. "पाहिलं होतंस? मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? नऊ वर्षांची होतीस. हा म्हणाला होता हात मोडीन."

"अरे, मी खरंच मोडला असता का हात?" दादा ओरडला.

"मला काय माहीत! तेरा वर्षांचा होतो. मला खरं वाटलं."

दादाने तोंडावर चादर ओढून घेतली. वहिनीने कप खाली ठेवला. चादरीतूनच तो म्हणाला, "खारू, चुकलो रे. त्या दिवशीही चुकलो आणि नंतरही. पण तू नंतर तरी कधी का नाही आलास? एवढा राग धरलास?"

"राग कसला? एक कानाखाली, त्याचा कसला राग! तुला माहितीय ना, माझ्या पोटात तीळ भिजत नाही. तुझ्यापाशी दोन दिवस राहिलो असतो तर तिसऱ्या दिवशी हिचं नाव तोंडातून निघालंच असतं. मग तू हिच्याशीही बोलणं टाकलं असतंस. मला तुझा स्वभाव माहीत नाही का? म्हणून आलोच नाही."

ठकूने डोळे पुसले. शेवटी दादाने चादर खाली केली. डोळे लाल, नाक लाल, आणि चेहऱ्यावर असं काही, जे वहिनीने लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"आता पोटात काही राहिलंय का लपवायचं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"मग ये."

"निघालोच."

"अहो, त्या भावजींना जेवून तरी निघू द्या, तीन तासांचा रस्ता आहे," वहिनी म्हणाली. पण तोवर फोनमधून बेकरीचं शटर ओढल्याचा खडखडाट ऐकू आला होता.